अधिकचं चिन्ह

चर्चच्या ग्रुपच्या चौदा प्लास्टिक खुर्च्या, शेजारच्या मनोरमाबाईंच्या सहा आणि सोफ्यावर तिघांची जागा, म्हणजे बसायला एकूण तेवीस जागा होत्या. माणसं एकतीस होती. आठ जण भिंतीला टेकून उभे होते. दाराबाहेर चपला-बुटांचे एकोणतीस जोड होते, कारण घरच्या दोघांचे, जेराल्ड आणि थेरेसा तुस्कानो यांचे, आत रॅकमध्ये होते. टीव्हीच्या लांबट कॅबिनेटवर चार मेणबत्त्या, दोन फुलदाण्या आणि मधोमध मारियामातेची साठ सेंटिमीटर उंचीची मूर्ती. मूर्तीमागे इस्त्री केलेली पांढरी चादर. चादरीमागे पंचावन्न इंची टीव्ही.

ऑक्टोबरभर ही मूर्ती अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या वसईकरांच्या घरोघरी फिरते. एका घरी रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, होते, मूर्ती रात्रभर तिथे राहते आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या घरचे लोक तिला न्यायला येतात. एकदा बसवली की त्या घरात ती हलवत नाहीत. तुस्कानोंची पाळी जुलैतच ठरली होती. त्यांच्या मुलीच्या शर्यतींच्या फायनलची तारीख मात्र तिकडे इंग्लंडात आधीच्या रविवारी पाऊस पडल्यामुळे पुढे ढकलली गेली आणि नेमकी याच रविवारी आली. तिथले दुपारचे तीन म्हणजे इथले संध्याकाळचे सहा. रोझरीची वेळही सहाचीच होती.

थेरेसाला हा योगायोग वाटत नव्हता. मूर्तीसाठी घरात दुसरी जागा नाही, असं तिने शनिवारी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. जेवणाचं टेबल खिडकीला लावता आलं असतं, हे तिला ठाऊक होतं. पण चादर टाचण्यांनी ताणून बसवताना तिला बरं वाटलं होतं. ज्या मोटारसायकलला ब्रेकच नसतो, त्या मोटारसायकलवर आपली मुलगी बसलेली तिने सबंध मोसमात एकदाही पाहिली नव्हती. आज तर पाहायचीच नव्हती.

गावच्या आणि इथल्या लोकांना तिने सांगितलं होतं की लॉरा इंग्लंडला कोर्स करते. हे खोटं नव्हतं. लॉराने मोटरस्पोर्ट इंजिनिअरिंगच्या अर्धवेळ कोर्सला नाव घातलं होतं. फक्त उरलेल्या वेळात ती ब्रिटनच्या दुसऱ्या श्रेणीच्या स्पीडवे लीगमध्ये थॉर्नवेल नावाच्या संघाकडून धावायची, संघातल्या सात जणांतली सातवी, एकटी मुलगी, आणि एकटी अशी जी अबुधाबीत वाढली होती.

"लॉराचा कोर्स कधी संपतोय?" मनोरमाबाईंनी माळ हातात घेताना विचारलं.

"होईल आता," थेरेसा म्हणाली, आणि मेणबत्तीची वात सरळ करायला वळली.

•

लॉयड मागच्या भिंतीपाशी उभा होता. अल क्वोजमधलं त्याचं मोटारसायकलचं गॅरेज दुपारी बंद करून तो दुबईहून आला होता. डावा पाय त्याने थोडा पुढे ठेवला होता. त्या पायात रॉड घातल्याला पाच वर्षं झाली होती. एका कानात इअरफोन होता आणि फोन उजव्या तळहातात, माळेच्या आड.

बहिणीला त्यानेच शिकवलं होतं. दुबईबाहेरच्या अल कुद्राच्या वाळूत, ती अकरा वर्षांची असताना. वाळूत मागचं चाक सरकतं. बाकीची मुलं घाबरून थ्रॉटल सोडायची, ही वाढवायची. स्पीडवेत नेमकं हेच करायचं असतं. वळण डावीकडे, हँडल उजवीकडे, मागचं चाक बाहेर फेकलेलं आणि थ्रॉटल उघडा. एक गिअर, चार फेऱ्या, चार जण. एक मिनिटाच्या आत सगळं संपतं. आणि मग पुढची शर्यत, अशा पंधरा. प्रत्येक संघाचे दोघे असतात; पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला शून्य.

रोझरी सांगत होती शेरॉन आत्या, जेराल्डची धाकटी बहीण. हॉटेलच्या बँक्वेट विभागात बावीस वर्षं काढलेली असल्याने तिला माईक लागत नसे. रोझरीच्या पाच भागांना रहस्यं म्हणतात; पहिल्या रहस्याच्या सातव्या नमो मारियाला लॉयडच्या हातातल्या छोट्या पडद्यावर दुसरी शर्यत सुटली. निळं हेल्मेट लॉराचं होतं. लाल तिच्या जोडीदाराचं. लाल पहिला आला, निळी दुसरी. लॉयडने मान वर केली आणि आत्याकडे पाहून दोन बोटं दाखवली. आत्याने प्रार्थनेत खंड न पाडता भुवया उंचावल्या.

फायनलच्या दोन सामन्यांपैकी पहिला परक्या मैदानावर झाला होता. थॉर्नवेल तिथे कॅल्डरमियरकडून अठ्ठेचाळीस-बेचाळीसने हरलं होतं. आज घरच्या मैदानावर सहाचा तोटा भरून वर किमान एक गुण हवा होता. हे गणित घरात दोघांना पाठ होतं, त्याला आणि आत्याला, आणि तिसऱ्यालाही असेल असं लॉयडला अजून माहीत नव्हतं.

प्रत्येक रहस्याआधी रोझरी सांगणारा एक हेतू सांगतो, की पुढच्या दहा प्रार्थना कशासाठी. पहिला हेतू आजाऱ्यांसाठी होता, दुसरा नोकरी शोधणाऱ्यांसाठी. तिसऱ्याला शेरॉन आत्या थोडी थांबली.

"तिसरं रहस्य," ती म्हणाली, "आज या घडीला इंग्लंडात थॉर्नवेलच्या टीमकडून मोटारसायकलची फायनल धावणारी आपली लॉरा, जेराल्ड आणि थेरेसाची मुलगी, हिच्यासाठी. तिने धीर धरावा, आणि जिंकावं."

कोणीच काही बोलू शकत नव्हतं. प्रार्थना सुरू झाली होती. तीस तोंडांनी उत्तर दिलं, काहींनी थोडं उशिरा, कारण त्यांच्या माना थेरेसाकडे वळल्या होत्या. थेरेसाने डोळे मिटून घेतले होते. जेराल्ड सोफ्याच्या टोकाला बसला होता, आणि त्याचा आवाज, लॉयडच्या लक्षात आलं, नेहमीपेक्षा मोठा होता.

चौथ्या रहस्यात लॉरा पडली. तिसऱ्या फेरीच्या वळणावर समोरच्या पिवळ्या हेल्मेटचं चाक अडकलं आणि ती कुंपणाच्या हवेच्या गादीपर्यंत घसरत गेली. गाडी तिच्यावरून उडून पलीकडे पडली. लॉयडचे ओठ हलायचे थांबले. माळेचे दोन मणी निसटून गेले. मग निळं हेल्मेट उठून बसलं, उभं राहिलं, गाडीला एक लाथ घातली आणि लंगडत बाहेर गेलं. तो पुन्हा प्रार्थनेत शिरला तेव्हा त्याचा सूर खाली लागला होता.

•

रोझरी संपली, शेवटचं गीत झालं, आणि उकडलेल्या चण्यांचे द्रोण फिरू लागले. स्वयंपाकघरात थेरेसा करक चहाच्या थर्मासचं झाकण उघडत होती. शेरॉन आणि लॉयड तिच्या मागोमाग आले.

"वहिनी, आधी शिव्या घालून घे," शेरॉन म्हणाली. "मग कप देते."

थेरेसाने शिव्या घातल्या नाहीत. तिने विचारलं की मारियामातेच्या मूर्तीपुढे, एकतीस माणसांसमोर, असं सांगताना लाज वाटली नाही का. शेरॉन म्हणाली की लाज वाटण्यासारखं काय होतं तेच तिला कळत नाही, आणि प्रार्थनेत खोटं बोलता येत नाही म्हणून तिथे सांगितलं. "बाहेर मनोरमाबाई विचारतायत, ब्रेकच नाही तर गाड्या थांबतात कशा? मी सांगितलं, वहिनीच्या माळेवर."

"कितव्या रहस्याला पडली?" थेरेसाने लॉयडला विचारलं.

त्याने फोन खिशात घातला.

"चौथ्या. तुझा आवाज थांबला तेव्हाच मला कळलं. लागलंय?"

"गुडघा. पुढची राइड केली तिने, मम्मी. तिसरी आली."

थेरेसाने कपांत करक ओतायला सुरुवात केली. तिचा हात स्थिर होता. ज्या रात्री मोटारसायकलवरून पडलेल्या लॉयडला मुसाफाच्या हॉस्पिटलात आणलं, त्या रात्रीही तो स्थिर होता. घरातले सगळे त्यामुळे तिला खंबीर समजत. तिला मात्र त्या रात्रीनंतर गाडीचा आवाज आला की घशात लोखंडाची चव येई.

सकाळी लॉराचा फोन आला होता. क्लबला ती पुढच्या मोसमातही हवी होती. फायनल संपताच मैदानावर पुढच्या वर्षीच्या संघाची नावं जाहीर होणार होती, तोपर्यंत उत्तर द्यायचं होतं. ठरलेलं होतं एकच मोसम. फेब्रुवारीत याच स्वयंपाकघरात तसा शब्द घेऊन जेराल्डने तिला विमानात बसवलं होतं. ती एकवीस वर्षांची होती, बापाला न विचारता हो म्हणू शकली असती. पण तिने शब्द दिला होता. म्हणून सकाळी ती एवढंच म्हणाली होती, "पप्पा, आय'ल डू व्हॉट यू से. पण आज सांग."

जेराल्डने आज सांगतो म्हणून फोन ठेवला होता.

आता तो दारात उभा होता. हातात रिकामा द्रोण.

"दादा, हो म्हण," शेरॉन म्हणाली. "आता सगळ्या वसईला माहीत झालंय. उद्या पहाटेपर्यंत गावी माणिकपूरला पोचेल."

"नाही म्हणणार आहे तो," थेरेसा म्हणाली. "आमचं बोलणं झालंय."

"मला त्याच्याकडून ऐकू दे ना."

जेराल्ड मुसाफाच्या एका फॅब्रिकेशन यार्डात क्वालिटी इन्स्पेक्टर होता. बोलण्याआधी तो नेहमी समोरच्या वस्तूच्या कडा बघे. आता त्याने ओट्याची कड पाहिली. मग म्हणाला की त्याला मुलीचा अभिमान नाही असं कोणी समजू नये. पण तिचं काम बिघडत चाललंय.

"कोण म्हणतं?" लॉयडने विचारलं.

"आकडे म्हणतात."

"कुठले आकडे? तुम्ही तर बघतच नाही."

 जेराल्डने खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि लीगचं पान उघडलं. ते एका स्पर्शात उघडलं, म्हणजे ते रोज उघडलं जात होतं. थेरेसाच्या हातातला थर्मास तसाच राहिला.

"एप्रिल," तो म्हणाला. "चार. बरोबर चार, पुढे काही नाही. स्वच्छ. मेमध्ये पाच, प्लस एक. ठीक आहे, एक चालतो. जुलैत पाच, प्लस दोन. सप्टेंबरमध्ये बघ, सहा, आणि प्रत्येक मॅचला प्लस दोन, प्लस तीन. दर महिन्याला वाढतंय. माझ्या यार्डात एखाद्या वेल्डरचं असं होऊ लागलं ना, तर मी त्याला खाली बसवतो. उंचीवर नाही पाठवत."

लॉयड वडिलांकडे बघत राहिला. "पप्पा, प्लस म्हणजे काय समजता तुम्ही?"

"प्लस म्हणजे काय म्हणजे? मापापेक्षा तेवढं बाहेर. रिपोर्टवर प्लस तीन आलं की पीस तीन मिलिमीटर जास्त. चूक."

"म्हणजे तुम्हाला वाटलं, सहा पॉइंट आणि तीन चुका."

"मग काय आहे ते?"

शेरॉनने तोंडावर हात दाबला. लॉयडला हसू आलं नाही. वडील मोसमभर एकटेच, कोणालाही न विचारता, मुलीच्या चुका मोजत होते, आणि त्यांनी त्या तिला एकदाही बोलून दाखवल्या नव्हत्या.

त्याने ओट्यावर चार कप मांडले. दोन स्टीलचे, दोन काचेचे. "स्टीलचे आपले, काचेचे त्यांचे. हा आपला पहिला, तो सुटला पुढे. लॉरा दुसरी. आता तिने त्याला मागे टाकून पहिलं यायचं नसतं. तिने बाहेरची लाईन धरायची, मागच्या दोघांची वाट बंद करायची. त्यांनी तिच्यावर चढायचा प्रयत्न करायचा आणि तिने हलायचं नाही. जोडीदाराच्या मागोमाग तिने लाईन पार केली, आणि त्यांचा निदान एक तिच्या मागे राहिला, की तिला तिचे पॉइंट मिळतात, आणि एक अधिक. बोनस. टीमच्या स्कोअरमध्ये तो धरत नाहीत. तिच्या नावावर लिहितात."

"कशाबद्दल?"

"जोडीदाराला सांभाळल्याबद्दल."

जेराल्ड कपांकडे पाहत राहिला. मग फोनवर बोट फिरवत तो पुन्हा एप्रिलपासून खाली येऊ लागला. चार. पाच अधिक एक. पाच अधिक दोन. ओठ हलत होते.

"म्हणजे एप्रिलमध्ये तिला येत नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतं. शिकली."

त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. थेरेसा त्याच्याकडे बघत होती. फेब्रुवारीपासून तो तिच्या बाजूला होता आणि आता उठून चाललाय, हे तिला कळलं होतं.

"जेराल्ड," ती म्हणाली, "आज पडली ती."

"ऐकलं मी."

"मग?"

"मग पुढची राइड केली तिने."

•

हॉलमध्ये मंडळी द्रोण हातात घेऊन घोळक्याने उभी होती. जेराल्ड कॅबिनेटपाशी गेला. त्याने मेणबत्त्या दोन्ही बाजूंना सरकवल्या, मूर्तीपुढे क्रूसाची खूण केली, आणि मूर्तीला हात न लावता मागच्या चादरीच्या टाचण्या काढल्या.

"एक गोष्ट सांगायची राहिली होती," तो म्हणाला. यार्डातल्या सेफ्टी मीटिंगला वापरतो तो आवाज. "लॉरा कोर्स करते हे खरं आहे. पण ती रेसर आहे. लीगमध्ये एप्रिलपासून आहे. आज फायनल आहे. ज्यांना घाई नाही त्यांनी बसा."

कोणालाच घाई नव्हती.

टीव्ही लागला तेव्हा तेरा शर्यती झाल्या होत्या. कोपऱ्यात आकडे होते, एक्केचाळीस-सदतीस. आज चारने पुढे, म्हणजे दोन्ही सामने मिळून अजून दोनने मागे. शर्यती दोन उरल्या होत्या. लॉयडने हे सांगितलं तसं ते खुर्च्याखुर्च्यांवरून मागे पोचत गेलं. मूर्ती पडद्याच्या बरोबर मध्ये येत होती. तिच्या मुकुटामागे मैदानाचा मधला हिरवा भाग आणि पलीकडच्या सरळ पट्टीचा अर्धा लपत होता. हलवायचं कोणी सुचवलं नाही.

"आपली कुठली?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"निळं हेल्मेट. लाल आणि निळं आपलं. पांढरं-पिवळं त्यांचं." हे जेराल्डने सांगितलं. "आता ती पहिली यायची नाही. समजून घ्या. लाल पुढे गेला, तर ती दुसरी येणार, मुद्दाम. त्याचा एक पॉइंट वेगळा मिळतो."

शेरॉनने लॉयडच्या बरगडीत कोपर मारलं.

थेरेसा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिला आत जायचं होतं. समोर चार गाड्या सुरुवातीच्या फितीपाशी आल्या, पुढची चाकं थरथरत होती. निळं हेल्मेट सगळ्यांत लहान दिसत होतं. फीत वर उडाली.

लाल आणि पांढरं बरोबर सुटले. पहिल्या वळणावर सगळी माती उसळली आणि त्या लाल धुळीतून निळं आतल्या बाजूने बाहेर पडलं तेव्हा ते पहिलं होतं. हॉलमध्ये कोणीतरी टाळी वाजवली. जेराल्डने हात वर करून थांबवलं.

"नाही. आता बघा."

दुसऱ्या वळणावर निळं हेल्मेट मागे वळलं. चालत्या गाडीवर, चाक सरकत असताना, लॉरा खांद्यावरून मागे बघत होती. लाल कुठे आहे ते शोधत होती. तो पांढऱ्याच्या मागे अडकला होता. तिने गाडी बाहेर काढली, पांढऱ्याच्या पुढ्यात, कुंपणापासून हातभर अंतर ठेवून, आणि आतली बाजू मोकळी सोडली. लाल त्या फटीतून पुढे गेला. मूर्तीच्या मुकुटामागे चौघे दिसेनासे झाले आणि पलीकडून लाल, निळी, पांढरा, पिवळा असे निघाले.

"शी लेट हिम थ्रू," शेरॉनच्या शेजारची एक शाळकरी मुलगी म्हणाली. "व्हाय वुड शी डू दॅट?"

 तिसऱ्या फेरीत पांढरा आतून आला, तिने आत घेतलं. तो बाहेर गेला, तीही बाहेर गेली. शेवटच्या वळणावर त्याचं चाक तिच्या बुटाला घासलं. तिचा पाय उडाला, गाडी डगमगली, आणि थेरेसाच्या घशात ती लोखंडाची चव आली. पण मुलगी मागे वळून बघत नव्हती. ती आता फक्त पुढच्या लाल हेल्मेटच्या मागच्या चाकाकडे बघत होती, आणि थेरेसाला दिसलं की थ्रॉटलवरचा तिचा हात स्थिर आहे. लाईन पार झाली. लाल, निळी.

पाच-एक. सेहेचाळीस-अडतीस. दोन्ही सामने मिळून थॉर्नवेल पहिल्यांदाच पुढे होतं, दोनने.

एकतीस माणसांचा आवाज शेजारच्या व्हिलापर्यंत गेला असणार. मनोरमाबाईंनी जेराल्डचा हात धरून हलवला. तो उभाच होता. थेरेसा दारातून कधी पुढे आली ते तिला कळलं नव्हतं. तिच्या हातात अजून करकचा एक कप होता, आणि तो तिने बाजूच्या माणसाला न बघता देऊन टाकला.

जेराल्डचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. लॉराचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत मातीने लाल होता, फक्त डोळ्यांभोवती गॉगलची जागा स्वच्छ. मागे कोणीतरी गाडी पुसत होतं.

"पप्पा, मी लास्ट हीटमध्ये नाहीये. माझं झालं. दे'आर आस्किंग मी. व्हॉट डू आय टेल देम?" मग तिच्या कपाळावर आठी पडली. "वेट, तिकडे एवढे लोक का आहेत? इज दॅट द स्टॅच्यू?"

जेराल्डने फोन थोडा लांब धरला. फायनल अजून कोणाची होती ते ठरलं नव्हतं.

"हो म्हण त्यांना," तो म्हणाला.

"रिअली? इव्हन इफ वी लूज?"

"शर्यतीचा काय संबंध? मी तुझं काम बघितलं." त्याने घसा साफ केला. "मला उशिरा समजलं. बाकी लॉयड सांगेल."

थेरेसाने फोन त्याच्या हातातून घेतला. ती काय बोलणार म्हणून शेरॉन पुढे सरकली.

"गुडघा दाखव," थेरेसा म्हणाली.

लॉराने फोन खाली नेला. चामड्याचा सूट फाटला होता आणि आत पट्टी होती. थेरेसाने ती नीट पाहिली, दोन्ही बाजूंनी दाखवायला सांगितली. मग म्हणाली की डिसेंबरमध्ये घरी येशील तेव्हा माझ्याबरोबर प्रत्येक घरी यायचं, या सगळ्यांना मी कोर्स सांगत आले, आता तू तुझ्या तोंडाने सांग. आणि पट्टी बदल.

"ओके, मम्मी."

"आणि पुढच्या वर्षी मॅच कधी असते ते मला आधी कळवायचं. मूर्तीची पाळी मागून घेते मी ग्रुपमध्ये. दुसरी तारीख."

पडद्यावर शेवटच्या शर्यतीच्या चार गाड्या फितीकडे निघाल्या होत्या. लॉयडने सगळ्यांना खाली बसायला सांगितलं. जेराल्ड बसला, थेरेसा त्याच्या शेजारी सोफ्याच्या हातावर टेकली. फीत उडाली. पांढरं हेल्मेट पहिल्यापासून पुढे होतं आणि पुढेच राहिलं. लाल आणि निळं, आता लॉराच्या संघातले दुसरे दोघे, त्याच्या मागे, पिवळ्याला मागे धरून, चारही फेऱ्या.

तीन-तीन. थॉर्नवेल एकोणपन्नास, कॅल्डरमियर एक्केचाळीस. दोन्ही सामने मिळून एक्क्याण्णव-एकोणनव्वद.